म्हातारचळ: एका शब्दात कोंबलेल्या चार गोष्टी

नागपूरच्या बजाज नगरात एका मित्राच्या घरी आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा सिनेमा पाहायला जमतो. मे महिन्यातला शनिवार होता. रात्रीचे आठ वाजले तरी फरशी तापलेली, आणि खिडकीतला कूलर इतका घरघरत होता की मराठी सिनेमा असता तरी खालच्या ओळी वाचाव्या लागल्या असत्या. त्या दिवशी लावला होता ‘व्हीनस’, २००६ सालचा इंग्लंडमधला सिनेमा. म्हातारा नट, विशीची पोरगी. अर्ध्यावर आला असेल-नसेल, वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका उसळले. “काय म्हातारचळ लागला हो बुढ्याले! पाय मसणात अन् पोरीच्या मागं फिरून राह्यला!”

मग चहा, चिवडा आणि वाद. कोणी म्हणालं, या वयात असलं काही नसतंच, हे सिनेमावाल्यांचे चोचले. कोणी म्हणालं, असतं पण दाखवू नये. एक काकू काहीच बोलल्या नाहीत, बशीतले शेंगदाणे वेगळे काढत बसल्या. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. “तू लिहितेस ना आरोग्यावर? मग सांग, हे खरं असतं का?”

तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. ते आता देते.

आधी सिनेमा थोडक्यात

मॉरिस हा लंडनमधला सत्तरी ओलांडलेला नट. एके काळी नाव होतं, रूप होतं, बायका मागे होत्या. आता कामं मिळतात ती मरायला टेकलेल्या म्हाताऱ्यांची. इयन नावाच्या जुन्या नट-मित्रासोबत कॅफेत बसायचं, एकमेकांच्या गोळ्या बघायच्या, त्यांची अदलाबदल करायची, पेपरातले मृत्युलेख वाचायचे. (आपल्या ट्रॅफिक पार्कच्या बाकांवर सकाळी सातला हेच चालतं, कॉफीच्या जागी दुधीचा रस असतो इतकंच.) इयनच्या भाचीची मुलगी, जेसी, त्याची काळजी घ्यायला म्हणून येते. इयनला ती आठवडाभरात नकोशी होते. मॉरिसला मात्र ती हवीशी वाटते, आणि त्याच सुमारास त्याचा प्रोस्टेटचा कॅन्सर निघतो. ऑपरेशन होतं. त्यानंतर तो तिला सरळ सांगून टाकतो की आपल्याकडून आता काही होणार नाही, रस उरलाय तो फक्त तात्त्विक.

दिग्दर्शक रॉजर मिशेल, लेखन हनीफ कुरेशी. आणि मॉरिस झाला होता पीटर ओ’टूल. इथे सिनेमा आणि नटाचं आयुष्य एकमेकांत मिसळतं. ओ’टूलचा जन्म १९३२चा. ऑस्करसाठी सात वेळा नामांकन होऊन एकदाही हाती काही लागलं नव्हतं. २००३ साली त्याला मानद ऑस्कर द्यायचं ठरलं, तेव्हा आपण अजून खेळात आहोत, ऐंशी वर्षांचे होईपर्यंत थांबा, असं त्याने अकादमीला कळवलं होतं. शेवटी घेतला तो मान. आणि मग ‘व्हीनस’साठी आठवं नामांकन आलं. तेही हुकलंच. २०१३च्या डिसेंबरात, ८१व्या वर्षी तो गेला. पडद्यावर हात थरथरतात ते बघताना हे माहीत असलेलं बरं.

‘म्हातारचळ’ म्हणजे नेमकं काय?

चळ म्हणजे वेड, डोकं जागेवरून सरकणं. म्हातारपणी माणूस तेच तेच बोलतो, हट्ट करतो, पैसे लपवतो, त्यालाही आपण म्हातारचळ म्हणतो, आणि म्हाताऱ्याने नवा शर्ट घालून अत्तर लावलं तरी तेच म्हणतो. शब्द झकास आहे, पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत: इच्छा, शरीराची क्षमता, वागणूक आणि आजार. या चार सुट्या केल्याशिवाय आमच्यासारखे वाद मिटत नाहीत.

कूलरचंच घ्या. पंखा वेगळा, पाण्याचा पंप वेगळा. पंप अडकला तरी पंखा फिरत राहतो, हवा येते, गार नसते एवढंच. पंखा बंद पडून पंप चालू राहणंही शक्य आहे. कूलर जोरात लावून शेजाऱ्याची झोप मोडायची की नाही, हा यंत्राचा प्रश्नच नाही, तो घरमालकाच्या वागण्याचा आहे. आणि वायरिंगच जळालं असेल तर घरमालकाला शिव्या देऊन उपयोग नाही, इलेक्ट्रिशियन बोलवावा लागतो.

इच्छा हा पंखा. क्षमता हा पंप. सिनेमातल्या मॉरिसचा पंप गेलाय, पंखा सुरू आहे.

पंप का बिघडतो: संत्र्याची गोष्ट

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली असलेली ग्रंथी. तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी, वजन २० ग्रॅमच्या आसपास. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. तिची जागा मात्र अडचणीची आहे: लघवीची नळी तिच्या मधोमध आरपार जाते. वय वाढतं तशी ग्रंथी फुगते आणि नळी आवळते. मग रात्री तीनदा उठणं, धार बारीक होणं, मोकळं झाल्यासारखं न वाटणं. ही साधी वाढ पन्नाशीतल्या जवळपास निम्म्या पुरुषांत दिसते आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांत. हा कॅन्सर नव्हे. कॅन्सर हा त्याच ग्रंथीचा वेगळा आजार.

नागपुरात हे समजावायला संत्र्यासारखं दुसरं साधन नाही. संत्र्याच्या मधून काडी आरपार घातली अशी कल्पना करा. काडी म्हणजे लघवीची नळी. साध्या वाढीवर दुर्बिणीतून ऑपरेशन करतात तेव्हा नळीच्या वाटेने आत शिरून फोडी कोरून काढतात, साल तशीच ठेवतात. कॅन्सर ग्रंथीतच असेल आणि ऑपरेशन करायचं ठरलं, तर सालीसकट आख्खं फळ काढावं लागतं. आता अडचण अशी की लिंगाला ताठरता आणणाऱ्या नसा या सालीला बाहेरून, दोन्ही अंगांनी चिकटून जातात, कोळिष्टकासारख्या. फोडी कोरताना त्यांना सहसा धक्का लागत नाही. आख्खं फळ काढताना त्या वाचवणं हे कसबाचं काम, आणि कॅन्सर सालीपर्यंत आला असेल तर वाचवता येतातच असं नाही. त्या नसा नेमक्या कुठून जातात हे शल्यविशारदांना नीट कळलं तेच १९८०च्या दशकात. त्याआधी या ऑपरेशननंतर ताठरता गेली असंच बहुतेक धरून चालत.

माझ्या वडिलांचं फोडी कोरायचं ऑपरेशन झालं, धंतोलीतल्या एका दवाखान्यात. आदल्या दिवशी डॉक्टर आले. रक्त जाईल, दोन-तीन दिवस नळी राहील, पाणी भरपूर प्या, वगैरे सांगितलं. बाबांनी घसा खाकरला आणि मला म्हणाले, “तू जरा चहा सांगून ये.” मी म्हटलं, आत्ताच तर घेतला. “सांगून ये म्हटलं ना.” मी खाली गेले, टपरीवर पाच मिनिटं लागली, वर आले तर डॉक्टर पुढच्या खोलीत गेले होते आणि बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. प्रश्न विचारता आला का, उत्तर मिळालं का, मला कधीच कळलं नाही. चहा मात्र त्यांनी घेतला नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर आज मला ठाऊक आहे, म्हणून इथे लिहिते. या ऑपरेशननंतर बहुतेक पुरुषांचं वीर्य बाहेर येण्याऐवजी उलट मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. त्याने अपाय होत नाही, सुखाची भावनाही साधारण राहते. पण आधी कोणी सांगितलं नसेल तर माणूस हादरतो, कोणाला विचारत नाही आणि सगळं संपलं असं स्वतःच ठरवून टाकतो. डॉक्टरांनी न विचारता सांगायची ही गोष्ट आहे. मुलगी खोलीत असली तरी. खरं तर तिला चहाला पाठवून.

मग पंखा कशावर चालतो?

इच्छा तयार होते मेंदूत, आणि तिला इंधन लागतं टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचं. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा रासायनिक निरोप. पुरुषांत हा निरोप मुख्यतः अंडकोशातून निघतो, प्रोस्टेटमधून नाही. त्यामुळे प्रोस्टेट काढलं म्हणून इच्छा काढली जात नाही. चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन दर वर्षी साधारण एक टक्क्याने उतरतं, असं धरतात. उतरतं, आटत नाही. ऐंशीच्या माणसातही ते असतं.

याची उलट बाजूही डॉक्टरांनी पाहिलेली आहे. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरवर टेस्टोस्टेरॉन बंद करण्याचा उपचार करतात. तो कॅन्सर या संप्रेरकावर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं, त्यासाठी १९६६चं नोबेल मिळालं. या उपचारात नसा शाबूत असतात, पण कित्येकांची इच्छाच विझते. पंखा बंद, पंप जागेवर. म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे नुसतं कवीचं म्हणणं नाही.

“या वयात असलं काही नसतंच” याचं उत्तर आकड्यांतही आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ जणांना सविस्तर विचारलं गेलं होतं. ५७ ते ६४ वयोगटात ७३ टक्के, ६५ ते ७४ मध्ये ५३ टक्के आणि ७५ ते ८५ मध्ये २६ टक्के लोकांनी आपलं लैंगिक जीवन सुरू असल्याचं सांगितलं. आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्याकडे एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात, नातवंडं शेजारी झोपलेली असताना ते असेच येतील असं मी म्हणणार नाही. पण शेवटच्या गटात चारातला एक, हा आकडा शून्याच्या जवळचा नक्कीच नाही. आणि हे कृतीबद्दल आहे. नुसतं मनात येण्याबद्दल विचारलं असतं तर?

इथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगून टाकते, सिनेमाशी तिचा संबंध नाही. ताठरतेची ती निळी गोळी १९९८ साली बाजारात आली. मुळात तिच्या चाचण्या हृदयशूळासाठी चालल्या होत्या. आज मेडिकलमध्ये हळू आवाजात मागितली तरी मिळते. पण छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ज्यांच्या खिशात असते, त्यांनी ती निळी गोळी घेऊ नये. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. लाजेपोटी हृदयाच्या डॉक्टरांना न सांगता घेणाऱ्यांसाठी हे वाक्य आहे.

मरण दिसू लागलं की इच्छा वाढते का?

सिनेमाचा गाभा इथे आहे. मॉरिसला कॅन्सर कळतो आणि त्याला आठवतो तो देव नाही, जेसीची मान.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी या भागातलं एक महत्त्वाचं काम केलं आहे. त्यांचा प्रश्न साधा होता: अर्धा तास मोकळा आहे, कोणाला भेटाल? घरचं जवळचं माणूस, नवी ओळख, की आवडलेल्या पुस्तकाचा लेखक? वयस्कर माणसं बहुतेक वेळा जवळचं माणूस निवडतात, तरुणांच्या निवडी विखुरतात. मग त्यांनी प्रश्न थोडा फिरवला. तरुणांना म्हटलं, समजा तुम्ही लवकरच एकटेच दूरच्या गावी राहायला जाणार आहात. तरुण म्हाताऱ्यांसारखं निवडू लागले. म्हाताऱ्यांना म्हटलं, समजा नव्या औषधाने तुम्हाला वीस वर्षं जास्त मिळाली. ते तरुणांसारखं निवडू लागले. म्हणजे फरक पडतो तो वयाने तितका नाही, जितका किती वेळ उरलाय या भावनेने. नागपूर स्टेशनवर गाडी सुटायला पाच मिनिटं असताना मुलाला सोडायला आलेली आई काय करते ते आठवा. भविष्याच्या योजना बोलत नाही. खिडकीतून हात आत घालून त्याचा हात धरून ठेवते.

मॉरिस या सिद्धान्तात अर्धाच बसतो. अर्धा मॉरिस जुन्या बायकोकडे जातो, जिला तो मुलं लहान असताना सोडून गेला होता, आणि गुडघे कुरकुरत तिच्या स्वयंपाकघरात बसतो. हे अगदी कार्स्टेन्सनबाईंच्या पुस्तकी नियमाप्रमाणे. उरलेला अर्धा मात्र नव्या, परक्या, उद्धट पोरीमागे धावतो. या अर्ध्याचं काय करायचं?

माझं उत्तर प्रयोगशाळेतलं नाही, काटोलच्या बागेतलं आहे. आमच्या नात्यात संत्र्याची बाग होती. झाडाला बहर धरायचा असेल तर शेतकरी पाणी तोडतो, त्याला ‘ताण देणं’ म्हणतात. पानं पिवळी पडतात, गळतात, आणि मग पाणी दिलं की झाड फुलांनी भरतं. हा मुद्दाम दिलेला ताण. पण मुळं कुजवणारा डिंक्या लागलेलं झाडही मरायच्या आधी भलत्या वेळी भरभरून फुलतं. माझा मामा असं झाड बघितलं की खूश व्हायचा नाही. फुलांवरून हात फिरवायचा आणि बुंध्याशी बसून साल खरवडायचा. ती फुलं खोटी नसतात. त्यांना फळ धरत नाही इतकंच, धरलं तरी पिकेपर्यंत झाड टिकत नाही. माणूस म्हणजे झाड नव्हे, हे मान्य. पण मॉरिसकडे बघताना मला तो मामाचा हात दिसत राहिला.

“पण त्या पोरीचं काय?”

हा सगळ्यात रास्त आक्षेप, आणि आमच्या मंडळींत तो सगळ्यात उशिरा आला. कोणाची तरी सून दार उघडून आत आली तेव्हा.

इच्छा मनात येणं हा गुन्हा नाही. ती दुसऱ्यावर लादणं हा गुन्हा आहे, आणि त्यात पांढऱ्या केसांना सूट नाही. नको असलेला स्पर्श, मागणी, शेरे या सगळ्याला भारतीय न्याय संहितेत कलम ७५ आहे, त्यात आरोपीचं वय विचारलेलं नाही. ‘जाऊ दे, म्हातारं माणूस आहे’ असं म्हणून गर्दीच्या बसमध्ये कित्येक मुलींना गप्प केलं जातं. म्हातारचळ हा शब्द तिथे हसण्यावारी न्यायच्या कामी येतो, हा त्याचा सगळ्यात वाईट उपयोग.

सिनेमा हे टाळतो का? पूर्ण नाही, आणि पूर्ण सांभाळतही नाही. मॉरिस जेसीला चित्रकलेच्या वर्गात मॉडेलचं काम मिळवून देतो आणि मग चोरून बघायला जाऊन धडपडतो. दिग्दर्शकाने तो प्रसंग विनोदी केलाय. मला हसू आलं आणि हसल्याचा रागही आला. पण जेसी काही बाहुली नाही. हात धरू देते, मानेचा वास घेऊ देते, त्यापुढे सरकला की झटकून टाकते. हद्द तीच आखते, तीच बदलते. त्याच्याकडून वस्तू उकळते, त्याच्या घरात आपल्या मित्राला आणते. दोघंही एकमेकांना वापरतात आणि मधूनच, नकळत, एकमेकांची काळजीही घेतात. त्यात मॉरिसची बाजू कॅमेऱ्याला जास्त प्रिय आहे, हे मात्र खरं.

सिनेमाच्या नावामागे एक चित्र आहे. मॉरिस जेसीला लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते दाखवायला नेतो. स्पेनचा चित्रकार वेलाझ्केझ याने १६४७ ते १६५१च्या दरम्यान काढलेली व्हीनस: आपल्याकडे पाठ करून पहुडलेली विवस्त्र देवता, समोर तिच्या मुलाने धरलेला आरसा, आणि आरशात तिचा अंधुक चेहरा. ती कोणाकडे बघतेय? स्वतःकडे की आरशातून आपल्याकडे? १० मार्च १९१४ला मेरी रिचर्डसन नावाच्या स्त्रीने गॅलरीत शिरून या चित्रावर सुऱ्याचे वार केले. स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ तेव्हा पेटली होती, नेत्या एमलिन पँकहर्स्ट यांना अटक झाली होती, त्याचा हा निषेध. पुढे १९५२ साली तिने आणखी एक कारण सांगितलं: पुरुष प्रेक्षक दिवसभर त्या चित्राकडे टक लावून बघत, ते तिला आवडत नसे. चित्र नंतर दुरुस्त झालं. कुरेशींनी नेमकं हेच चित्र निवडलं. सिनेमाच्या शेवटी जेसी स्वतःहून त्याच पवित्र्यात पहुडते, मॉरिस गेल्यावर. बघणारा उरलेला नसताना.

“आपल्या संस्कृतीत हे बसत नाही”

बसतं, आणि फार पूर्वीपासून बसतं. महाभारतातला ययाती शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा होतो आणि मुलांकडे तारुण्य मागत फिरतो. थोरले नकार देतात, धाकटा पुरू देतो. हजार वर्षं भोग भोगून ययातीला कळतं की तूप ओतून आग विझत नाही. आपण ही गोष्ट ‘बघा, भोगाने तृप्ती होत नाही’ एवढ्यासाठी सांगतो. पण गोष्ट रचणाऱ्यांनी आधी हे मान्य केलंय की म्हाताऱ्या राजाला इच्छा आहे, ती खरी आहे आणि जबर आहे. नाकारलेलं काहीच नाही. नाकारणं हे आपलं अलीकडचं काम.

मराठी रंगभूमीवरचा म्हातारा नट म्हटलं की आपल्याला शिरवाडकरांचे अप्पा बेलवलकर आठवतात, १९७०पासून. घर गेलं, मुलांनी अपमान केला, तुफान भाषेत अप्पा रडतात आणि प्रेक्षागृह त्यांच्यासोबत रडतं. देशपांडे सभागृहात मी पुरुषांना नाक पुसताना पाहिलंय. अप्पा हा मोठाच माणूस आहे. पण गंमत बघा, म्हाताऱ्या नटाला आपण दुःखाचा हक्क देतो, अपमानाचा देतो, वेडाचाही देतो. त्याला एखाद्या बाईकडे बघून केसांवरून हात फिरवावासा वाटला, तर तेच प्रेक्षागृह खुर्चीत चुळबुळ करील.

चौथी गोष्ट: वायरिंग

हा भाग छोटा आहे पण कापून ठेवावा असा. आयुष्यभर मर्यादेने वागलेला माणूस अचानक अचकट बोलू लागला, कोणालाही हात लावू लागला, कपड्यांचं भान राहिलं नाही, तर त्याला म्हातारचळ म्हणून खोलीत कोंडू नका. मेंदूच्या पुढच्या भागाची झीज होणारा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार नेमका असाच सुरू होतो. त्यात स्मरणशक्ती सुरुवातीला ठीक असते, त्यामुळे घरच्यांना तो आजार वाटतच नाही. तो बऱ्याचदा ४५ ते ६५ या वयातच दिसू लागतो. दुसरं, कंपवातावरच्या काही गोळ्या, प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांसारख्या, काही जणांत कामेच्छा किंवा जुगाराची ओढ अनावर वाढवतात. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा बदलली की पुष्कळदा माणूस पूर्वीसारखा होतो, आणि मधल्या काळात घरात झालेली शोभा त्याच्या चारित्र्याच्या खात्यात पडत नाही.

मॉरिसचं तसं नाही. तो तरुणपणीही असाच होता.

आणि म्हाताऱ्या बायका?

त्या अमेरिकेतल्या पाहणीत बायकांनी सांगितलेल्या अडचणींत पहिली होती इच्छाच न होणं, ४३ टक्के, आणि त्यापाठोपाठ कोरडेपणा, ३९ टक्के. कोरडेपणा पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरल्याने येतो, त्याने दुखतं, आणि दुखणाऱ्या गोष्टीची इच्छा कोणाला होईल? यावर लावायची मलमं आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञ देतात, पण विचारणार कोण? पुरुषाची अडचण निदान विनोदाचा विषय तरी होते. बाईची होत नाही. शिवाय बायका जास्त जगतात आणि नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात, त्यामुळे सत्तरीनंतर कित्येकींना जोडीदारच नसतो. त्यांच्यासाठी म्हातारचळ हा शब्दसुद्धा वापरला जात नाही. त्यांच्यासाठीचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

सिनेमात मॉरिसची बायको व्हॅनेसा रेडग्रेव्हने केलीय. मोजकेच प्रसंग. फुगलेले पाय, विस्कटलेलं घर, आणि नवऱ्याकडे बघण्याची अशी तऱ्हा की राग संपून किती वर्षं झाली ते कळावं. मॉरिसला शेवटी समुद्र मिळतो, जेसीचा खांदा मिळतो. तिला काय मिळतं ते सिनेमा सांगत नाही.

त्या रात्री साडेदहाला सगळे उठले. कूलरमधलं पाणी संपून नुसती गरम हवा येत होती. दारात चपला घालता घालता शेंगदाणेवाल्या काकू, ज्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, यजमानाला म्हणाल्या, “त्या बुढ्याच्या बायकोवर कोणी सिनेमा काढला असन तर तो लाव ना पुढच्या महिन्यात.” काका रिक्षा थांबवून हाका मारत होते. यजमान हो म्हणाला.

दोन महिने झाले, तो अजून शोधतोय.